घरातील जीवाश्मसंग्रह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईसारख्या शहरात, दोन खोल्यांच्या घरात राहून जीवाश्मांचा संग्रह करू पाहणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. उत्तरांत माहितीबरोबर माझी मतेही आली आहेत. त्यांतले मुख्य मत असे की, नमुना किती जुना किंवा किती दुर्मीळ आहे यापेक्षा त्याच्यासोबतची नोंद किती खरी आहे यावर घरच्या संग्रहाचे मोल ठरते.

जीवाश्म नेमके कशाला म्हणावे?

पूर्वी होऊन गेलेल्या सजीवाचा खडकात किंवा गाळात टिकून राहिलेला अवशेष अथवा त्याची खूण म्हणजे जीवाश्म. हाडे, दात, कवचे, लाकूड आणि पाने यांच्याइतकेच पावलांचे ठसे, बिळे आणि अश्मीभूत विष्ठा हेही जीवाश्मच होत. साधारणपणे दहा हजार वर्षांहून जुन्या अवशेषाला जीवाश्म म्हणण्याचा संकेत आहे. त्यामुळे जुहूच्या वाळूत सापडलेला शिंपला कितीही झिजलेला असला, तरी तो जीवाश्मांच्या कप्प्यात ठेवू नये. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असताना समुद्रपातळीखाली बुडालेल्या जंगलाची खोडे सापडली होती. परंतु ती लाकूडच राहिली होती, त्यांचा दगड झालेला नव्हता. अशा मधल्या अवस्थेतील वस्तूंची वेगळी नोंद ठेवलेली बरी.

मुंबईच्या खडकांत जीवाश्म सापडतात का?

सापडले आहेत, आणि त्यांची हकिगत मुंबईकरांना फारशी ठाऊक नसते याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. मुंबई बेटाचा पाया दख्खनच्या लाव्हाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थराथराने पसरत गेला, मात्र दोन उद्रेकांच्या मध्ये पुष्कळदा दीर्घ विसावा असे. त्या काळात सखल भागांत तळी आणि दलदली तयार होत, त्यांत गाळ साचे, प्राणी-वनस्पती नांदत, आणि पुढचा उद्रेक झाला की हे सगळे नव्या लाव्हाखाली गाडले जाई. लाव्हाच्या दोन थरांमधील या गाळाच्या खडकांना आंतरट्रॅपीय थर म्हणतात.

वरळीच्या टेकडीखालील अशाच थरांतून एकोणिसाव्या शतकात लहानशा बेडकांचे सांगाडे मोठ्या संख्येने मिळाले. लंडनचे प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन ‘राना पुसिला’ या नावाने केले आणि पुढे त्या बेडकांसाठी ‘इंडोबॅट्रॅकस’ ही स्वतंत्र प्रजाती मानण्यात आली. मुंबईच्या याच प्रकारच्या थरांतून गोड्या पाण्यातील कासवे, वनस्पतींचे अवशेष आणि ऑस्ट्रॅकॉड नावाच्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांची कवचेही मिळाली आहेत.

याचा अर्थ हातोडी घेऊन वरळीला जावे असा नाही. हे थर आज इमारती, रस्ते आणि खासगी आवारांखाली गेले आहेत. शहरात इतरत्र जो काळा कातळ दिसतो तो थिजलेला लाव्हा असून त्यात जीवाश्म मिळण्याची शक्यता नगण्य आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे स्तंभ पाहून ती अश्मीभूत झाडे असावीत असे अनेकांना वाटते. वास्तविक लाव्हा थंड होताना आकसून पडलेल्या भेगांमुळे ते स्तंभ तयार झाले आहेत.

मग शहरात राहून जीवाश्म पाहायचे तरी कुठे?

पायाखाली आणि भिंतींवर. फोर्ट परिसरातील एकोणिसाव्या शतकातील अनेक दगडी इमारतींत कुर्ल्याच्या आणि मालाडच्या दगडासोबत पोरबंदरी दगड वापरला आहे. पोरबंदरी दगड हा चुनखडीचा प्रकार असून भूशास्त्राच्या मानाने तो अगदी अलीकडचा आहे. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून त्याचे कण पाहिले, तर त्यांत सूक्ष्म सागरी जीवांची कवचे आणि शिंपल्यांचा चुरा दिसतो. नव्या इमारतींच्या लॉबीत आणि मॉलमध्ये बसवलेल्या आयात चुनखडीच्या लाद्या, ज्यांना बाजारात सरसकट इटालियन मार्बल म्हणतात, त्यांतही शिंपल्यांचे, प्रवाळांचे आणि क्वचित अमोनाइटचे, म्हणजे वेटोळ्या कवचाच्या नामशेष सागरी प्राण्याचे, आडवे छेद आढळतात. जैसलमेरच्या पिवळ्या दगडाच्या काही लाद्यांत शिंपल्यांची दाटी असते.

अशा ठिकाणी छायाचित्र काढावे, शेजारी मोजपट्टी धरावी, इमारतीचे नाव आणि दगडाचा प्रकार लिहून ठेवावा. केवळ अशा नोंदींचा संग्रहही संग्रहच असतो, त्याला जागा लागत नाही, आणि नवशिक्याची नजर त्यातून जितकी तयार होते तितकी विकत घेतलेल्या नमुन्यांतून होत नाही. सुरक्षारक्षकाला आधी विचारावे, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले.

स्वतः जाऊन जीवाश्म गोळा करणे कायदेशीर आहे का?

याचे उत्तर जागेवर अवलंबून आहे, आणि बहुतेक जागांसाठी ते नकारार्थीच धरून चालावे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार वनक्षेत्रातील खडक आणि खनिजे ही देखील वनोपजात मोडतात. म्हणजे राखीव जंगलातून परवानगीशिवाय उचललेला साधा दगडसुद्धा गुन्ह्यास कारण होऊ शकतो. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांचे नियम याहून कडक आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानही त्यात आले. मध्य प्रदेशातील डिंडोरी जिल्ह्यातले घुघुवा, जैसलमेरजवळचे आकल, गुजरातमधील बालासिनोरजवळचे रैयोली आणि आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यातले वडधम ही जीवाश्मस्थळे संरक्षित आहेत. तिथे जावे, पाहावे, शक्य तर जाणकार वाटाड्या घ्यावा आणि रिकाम्या हाताने परतावे.

भूवारसा स्थळे आणि भू-अवशेष यांच्या जतनासाठी स्वतंत्र विधेयकाचा मसुदा केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला होता. या विषयात नियम बदलत राहतात, हे गृहीत धरून कोणत्याही सहलीपूर्वी त्या वेळची स्थिती तपासावी. खासगी शेतात किंवा चालू खाणीत जायचे असल्यास मालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि ती कागदपत्रांत जपून ठेवावी. सर्वांत सुरक्षित वाट म्हणजे एखाद्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाच्या अभ्याससहलीत रीतसर सामील होणे. त्यात आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टी दाखवणारा माणूस सोबत असतो, हा फायदा निराळाच.

नदीकाठी गोल दगड सापडला आहे. ते डायनासोरचे अंडे असेल का?

बहुधा नाही. बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा कातळ, कुजताना कांद्याच्या पापुद्र्यांसारखा गोलाकार सुटत जातो, आणि सह्याद्रीच्या घाटांत कापलेल्या प्रत्येक रस्त्याकडेला असे गोळे दिसतात. खऱ्या अंड्याच्या कवचाचा थर पातळ असतो, त्याच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे आणि छिद्रे असतात आणि तो गाळाच्या खडकात मिळतो. २०२० मध्ये तमिळनाडूतील पेरंबलूर जिल्ह्यात डायनासोरची अंडी सापडल्याची बातमी समाजमाध्यमांवर पसरली होती. तज्ज्ञांनी पाहिल्यावर ते अमोनाइटभोवती जमलेले गाळाचे गोळे निघाले.

असाच दुसरा चकवा म्हणजे दगडाच्या भेगेत उमटलेली नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी. ती मँगनीजच्या ऑक्साइडची वाढ असते, वनस्पतीचा तिच्याशी काही संबंध नसतो.

विकत घेणे योग्य आहे का? खोटे नमुने कसे ओळखावेत?

खरेदी सरसकट वाईट नाही, परंतु ती करताना दोन स्वतंत्र प्रश्न विचारावे लागतात. वस्तू खरी आहे का, हा पहिला. ती मूळ देशातून रीतसर बाहेर पडली आहे का, हा दुसरा. बहुतेक खरेदीदार पहिल्यावरच थांबतात.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. ब्राझीलमध्ये १९४२ पासून जीवाश्म ही राष्ट्राची मालमत्ता आहे. मंगोलिया, चीन आणि अर्जेंटिना या देशांतही निर्यातीवर कडक बंधने आहेत. मंगोलियातून चोरट्या मार्गाने आलेला टार्बोसॉरस या डायनासोरचा सांगाडा २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिलावात विकला गेला, तेव्हा अमेरिकी सरकारने न्यायालयात जाऊन तो ताब्यात घेतला आणि २०१३ मध्ये मंगोलियाला परत केला. म्यानमारच्या काचिन प्रांतातील अंबरात, म्हणजे झाडांच्या अश्मीभूत राळेत, अडकलेले कीटक अतिशय सुंदर असतात. मात्र त्या खाणी सशस्त्र संघर्षाच्या प्रदेशात आहेत, आणि ते अंबर विकत घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. परदेशातून काही मागवायचे असल्यास विक्रेत्याकडून मूळ ठिकाण, निर्यातीची कागदपत्रे आणि पावती मागावी. ‘जुन्या संग्रहातील’ एवढेच उत्तर मिळाले तर तो व्यवहार सोडून द्यावा.

आता खोटेपणाविषयी. मादागास्करचे मधोमध कापून पॉलिश केलेले अमोनाइट सहसा खरे असतात, कारण ते विपुल मिळतात आणि बनावट करणे परवडत नाही. मोरोक्कोच्या ट्रायलोबाइटबाबत, म्हणजे खंडित शरीराच्या नामशेष सागरी प्राण्यांबाबत, मात्र सावध राहावे. त्यांतले काही पूर्णपणे राळेचे ओतीव असतात, काहींचे अर्धे शरीर खरे आणि अर्धे घडवलेले असते. भिंगाखाली हवेचे बारीक बुडबुडे दिसणे, खडक आणि प्राणी यांचा रंग-पोत अगदी एकसारखा असणे, किंवा एकाच विक्रेत्याकडे तंतोतंत सारखे दोन नमुने असणे या संशयाच्या जागा आहेत. मोसासॉर या सागरी सरड्याचे दात खरे असतात, पण ते वाळू आणि गोंद यांच्या बनावट जबड्यात बसवून विकले जातात. अतिनील टॉर्चच्या प्रकाशात अनेक गोंद वेगळे चमकतात, त्यामुळे जोडकाम उघडे पडते. अंबर म्हणून विकल्या जाणाऱ्या कोपलवर, म्हणजे कमी वयाच्या राळेवर, ॲसिटोनचा थेंब टाकल्यास ती चिकट होते.

चोर बाजारात हिंडणे हा मुंबईकराचा हक्काचा विरंगुळा आहे आणि तिथे अधूनमधून एखादा अमोनाइट किंवा अश्मीभूत लाकडाचा तुकडा दिसतोही. सजावटीसाठी जरूर घ्यावा; नोंदवहीत मात्र ‘ठिकाण अज्ञात’ असेच लिहावे, दुकानदाराने सांगितलेली कथा लिहू नये.

देवघरातील शाळिग्राम हा जीवाश्म असतो का?

पुष्कळदा असतो. अनेक मराठी घरांतील पंचायतनात विष्णूचे प्रतीक म्हणून जो काळा, गुळगुळीत शाळिग्राम असतो, तो नेपाळमधील गंडकी नदीच्या खोऱ्यातून येतो. हिमालय उभा राहण्यापूर्वी त्या जागी असलेल्या टेथिस समुद्राच्या तळाशी हे काळे खडक तयार झाले. त्यांतील गोळ्यांमध्ये अमोनाइट दडलेले असतात आणि ज्याला आपण चक्र म्हणतो ती त्या कवचाची वेटोळी व त्यांवरील कंगोरे असतात. प्रत्येक शाळिग्रामात अमोनाइट असतोच असे नाही. पंचायतनातील शंकराचा बाण नर्मदेतील स्फटिकयुक्त दगडाचा असतो, तो जीवाश्म नव्हे. गोमती चक्र ही गोगलगायीच्या जातीच्या सागरी प्राण्याची झाकणी असते आणि तीही जीवाश्म नव्हे.

शाळिग्राम संग्रहात घ्यावा का, हा प्रश्न घरातल्या मोठ्यांवर सोडावा. तो पूजेत असेल तर पूजेतच राहू द्यावा. छायाचित्र, वजन, मापे आणि तो घराण्यात कसा आला याची आजी-आजोबांना असलेली आठवण इतके नोंदवले तरी पुरे. आतील अमोनाइट पाहण्यासाठी तो फोडू किंवा कापू नये. एक व्यावहारिक सूचना मात्र आवश्यक आहे: ज्या शाळिग्रामात सोनेरी झाक दिसते त्यात पायराइट हे लोहाचे खनिज असते. अभिषेकानंतर तो कोरड्या वस्त्राने नीट टिपावा, ओल्या ताम्हनात तसाच राहू देऊ नये.

नोंद कशी ठेवावी?

प्रत्येक नमुन्याला एक क्रमांक द्यावा आणि तो क्रमांक तीन ठिकाणी असावा: नमुन्यावर, सोबतच्या चिठ्ठीवर आणि नोंदवहीत. नमुन्यावर लिहिण्यासाठी कमी महत्त्वाच्या जागी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा ॲसिटोनमधील पातळ द्राव लावून छोटा पट्टा तयार करावा, वाळल्यावर त्यावर टिकाऊ काळ्या शाईने क्रमांक लिहावा आणि वरून पुन्हा एक हात द्यावा. ही राळ ॲसिटोनने काढता येते. संग्रहशास्त्रात परत फिरवता येणाऱ्या कृतींनाच पसंती दिली जाते, ती याच कारणाने.

नोंदवहीत ठिकाण शक्य तितके काटेकोर लिहावे. ‘कच्छ’ हे ठिकाण नव्हे. गावाचे नाव, जवळची खूण, अक्षांश-रेखांश आणि थराचे वर्णन मिळून ठिकाण होते. त्यापुढे मिळाल्याचा दिनांक, कोणाकडून मिळाले, कोणत्या परवानगीने किंवा पावतीने मिळाले, आणि ओळख कोणी पटवली हे लिहावे. ओळख बदलली तर जुनी खोडू नये. खाली नवी लिहून दिनांक टाकावा. ठिकाणाची नोंद नसलेला देखणा अमोनाइट हा शेवटी पेपरवेटच असतो, तर नीट नोंद असलेला ओबडधोबड शिंपलासुद्धा एखाद्या अभ्यासकाला थराचे वय ठरवण्यास उपयोगी पडू शकतो.

संगणकावरील तक्ता सोयीचा असतो, तरी कागदी वही ठेवावीच, आणि ती कसर लागणार नाही अशा बंद डब्यात ठेवावी.

नमुना स्वच्छ कसा करावा?

जितके कमी कराल तितके चांगले. मऊ कुंचला, बांबूची काडी आणि भिंग इतक्यावर बरेच भागते. पाणी वापरण्याआधी एका कोपऱ्यावर थेंब टाकून पाहावा, कारण काही शेल (पापुद्र्यांनी सुटणारे गाळाचे खडक) आणि अनेक चिकणमातीचे खडक पाण्यात विरघळल्यासारखे सुटतात. व्हिनेगरची शिफारस सर्वत्र वाचायला मिळते. परंतु कवच चुन्याचे असेल, तर व्हिनेगर खडकाआधी कवचच खाऊन टाकते. खडक घासताना किंवा कोरताना धूळ उडत असेल तर साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क वापरावा, आणि हे काम स्वयंपाकघरात करू नये.

तुटलेला नमुना जोडण्यासाठी झटपट चिकटणारा गोंद टाळावा. तो नंतर सोडवता येत नाही. पॅरालॉइडचा दाट द्राव वापरावा. तेल, वॉर्निश किंवा नेलपॉलिश लावून नमुना चमकवण्याचा मोह आवरावा.

मुंबईच्या पावसाळ्यात संग्रह कसा टिकवावा?

हाच मुंबईतील संग्राहकाचा खरा प्रश्न आहे. जून ते सप्टेंबर या काळात हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या आसपास असते, आणि समुद्राजवळच्या घरांत खारी हवा त्यात भर घालते.

सर्वांत मोठा धोका पायराइटयुक्त नमुन्यांना असतो. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की पायराइट हवेतील प्राणवायू आणि बाष्प यांच्याशी वेगाने अभिक्रिया करते. त्यातून गंधकाम्ल आणि लोहाचे क्षार तयार होतात, क्षार फुगतात आणि नमुना आतून तडकतो. गंधकासारखा वास, पिवळट-पांढरी पूड आणि चिठ्ठीवर पडलेले तपकिरी डाग ही याची लक्षणे आहेत. अशी लक्षणे दिसताच तो नमुना बाकीच्यांपासून वेगळा करावा, पूड कोरड्या कुंचल्याने काढावी आणि नमुना सिलिका जेलसह हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात ठेवावा. पाण्याने मुळीच धुऊ नये.

डब्यात एक छोटा आर्द्रतामापक ठेवला तर अंदाजावर विसंबावे लागत नाही. आकडा ४५ टक्क्यांच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करावा. सिलिका जेलचा रंग बदलला की ती ओव्हनमध्ये मंद आचेवर कोरडी करून पुन्हा वापरता येते. निळ्या रंगाच्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून नारिंगी रंगाची घ्यावी. रात्रीपुरता एसी लावल्याने संग्रहाचे भले होते हा समज चुकीचा आहे. आर्द्रता रोज वर-खाली होत राहणे हे ती थोडी जास्त पण स्थिर असण्यापेक्षा अनेक नमुन्यांना अधिक जाचक ठरते.

दुसरा धोका फर्निचरचा. प्लायवूड, एमडीएफ आणि काही लाकडे यांतून आम्लाची वाफ हळूहळू बाहेर पडते, आणि बंद कप्प्यात ती साठून चुन्याच्या कवचांवर पांढरी बुरशीसारखी पूड आणते. ही पूड बुरशी नसते, ते क्षार असतात आणि त्यांच्यासोबत कवचाचा पृष्ठभाग कायमचा जातो. सुताराकडून हौसेने करून घेतलेल्या सागवानी कपाटापेक्षा जुने लोखंडी कपाट म्हणूनच बरे. नमुन्याखाली वर्तमानपत्र किंवा कापूस न घालता पॉलिथिन फोमचा तुकडा घालावा.

घर लहान आहे. जागा कुठून आणावी?

संग्रहाचा विषय लहान करावा. एकाच प्रदेशातील शिंपले, केवळ अश्मीभूत लाकूड, किंवा केवळ शार्कचे दात असा संग्रह दोन खणांत मावतो आणि त्याला काही सांगण्यासारखेही असते. दगडांचे वजन विसरू नये. पोटमाळ्यावर जड खोकी चढवू नयेत.

मुलांना आणि पाहुण्यांना नमुने हाताळू द्यावेत का?

द्यावेत, पण त्यासाठी वेगळा ट्रे ठेवावा. अश्मीभूत लाकूड, पॉलिश केलेला अमोनाइट आणि टणक शिंपले यांना हाताळण्याने फारसे काही होत नाही, आणि हातात घेतल्याशिवाय लाकडाचा दगड झाला म्हणजे काय झाले हे मुलाला कळतही नाही. हाडे, पाने आणि पायराइटयुक्त नमुने काचेआडच बरे.

सोसायटीच्या सभागृहात, शाळेत किंवा गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात प्रदर्शन मांडायचे असेल, तर मोजके नमुने न्यावेत आणि प्रत्येकासमोर मोठ्या अक्षरांत मराठी चिठ्ठी ठेवावी. चिठ्ठीत वय आणि नाव यांच्याआधी तो प्राणी कुठे, कशा पाण्यात राहत होता हे लिहिले, तर लोक थांबून वाचतात. नाजूक नमुन्यांऐवजी प्रतिकृती मांडता येतात. सिलिकॉन रबराचा साचा करून प्लास्टर ओतण्याची कला लालबाग-परळच्या मूर्तिशाळांत मुरलेली आहे आणि तेथील कारागिरांकडून ती शिकता येते. मात्र सच्छिद्र किंवा भेगा पडलेल्या नमुन्यावर रबर थेट ओतू नये, आणि प्रतिकृतीच्या मागे ‘प्रतिकृती’ असे न पुसले जाईल असे लिहावे.

छायाचित्रे इतरांना पाठवताना काय काळजी घ्यावी?

मोजपट्टी दिसू द्यावी, प्रकाश डावीकडून तिरका घ्यावा आणि जागेचे अचूक अक्षांश-रेखांश सार्वजनिकपणे देऊ नयेत. काही थर एका मोसमात लुटले जातात. मोबाइलच्या छायाचित्रात स्थान आपोआप नोंदले जाते, ते पाठवण्यापूर्वी काढून टाकावे. अभ्यासकाला मात्र पूर्ण माहिती द्यावी.

नमुना अभ्यासकाकडे कधी न्यावा?

पृष्ठवंशीय प्राण्याचे हाड, कवटी, दात असलेला जबडा, अंडे, किंवा पुस्तकांत कुठेच न जुळणारी वस्तू हाती आली की. मुंबईत आयआयटीचा भूविज्ञान विभाग आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाचा भूशास्त्र विभाग, पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि लखनौला बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था आहे. आधी छायाचित्र आणि नोंद पाठवून वेळ मागावी. नमुना नवीन जातीचा ठरला, तर ज्यावरून ती जात वर्णिली जाते तो मूळ नमुना सार्वजनिक संस्थेतच राहावा अशी अपेक्षा असते. खासगी कपाटात राहिलेल्या नमुन्यावर शोधनिबंध छापण्यास बहुतेक नियतकालिके राजी होत नाहीत, कारण दुसऱ्या कोणाला तो पुन्हा तपासता येण्याची खात्री नसते. तेव्हा तो देऊन टाकण्याची मनाची तयारी आधीच असावी.

माझ्यानंतर या संग्रहाचे काय करावे?

मृत्युपत्रात एका संस्थेचे नाव लिहून ठेवल्याने काम होत नाही. संग्रहालये जागेच्या आणि मनुष्यबळाच्या अडचणीमुळे अनेक देणग्या नाकारतात, आणि नोंदी नसलेला संग्रह तर हमखास नाकारतात. म्हणून हयातीतच विचारणा करावी, संस्थेला कोणते नमुने हवे आहेत ते जाणून घ्यावे आणि तशी लेखी यादी नोंदवहीच्या पहिल्या पानाला जोडावी. उरलेले नमुने शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना देता येतात. घरातल्या एका व्यक्तीला तरी नोंदवही आणि पावत्या कुठे आहेत हे ठाऊक असावे. नाहीतर घराचे रंगकाम निघाले की सगळे दगड गच्चीवरच्या कुंड्यांत जातात.